पहिल्या योगवर्गाची पूर्वतयारी : पोथीतली आणि आपली



येत्या चैत्रात, पाडवा झाला की, आपल्या मंडळाचा पहिला योगवर्ग सुरू व्हावयाचा आहे. वर्ग काढावा असे ठरले त्या बैठकीत नावे भराभर दिली गेली. पण पुढच्या आठवड्यात पाण्याच्या नळावर, दळणाच्या गिरणीत आणि डेअरीला दूध घालायच्या रांगेत ज्या शंका माझ्या कानांवर आल्या, त्या बैठकीत कोणी बोलून दाखविल्या नव्हत्या. नेसायचे काय? गुडघे धरलेले, मांडी घालता येत नाही, मग येऊन उपयोग काय? महिन्याच्या चार दिवसांत यावे की घरी बसावे? दिवसभर शेतात नि गोठ्यात राबणाऱ्या बाईला आणखी व्यायाम कशाला? आणि सर्वांत जड शंका आमच्या आळीतल्या एका आजींची. त्या म्हणाल्या, "अगं, योग हे गोसाव्या-बैराग्यांचं काम. बाईमाणसाला ते चालतं का? पोथीत काय सांगितलंय ते बघितलंस का तू?"

आजींचा प्रश्न मला रास्त वाटला. म्हणून पोथीत काय आहे ते मी पाहिले. आणि स्मरणिकेसाठी काही इतिहासाचे लिही, असा कार्यकारिणीचा निरोप आला तेव्हा हाच विषय घेतला. नवख्या माणसाने योगाला आरंभ करण्यापूर्वी काय तयारी करावी हे आजवर कोणकोणी सांगितले, आणि त्यातले आपल्या वरव्यातल्या बायकांना किती लागू पडते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आसनांविषयी जी पोथी आज सगळेजण प्रमाण मानतात ती हठप्रदीपिका. स्वात्माराम नावाच्या योग्याने ती सुमारे पंधराव्या शतकात रचली. तिच्यात आसनांच्या आधी जागेची गोष्ट येते. राज्य चांगले असावे, लोक धर्माने वागणारे असावेत, भिक्षा सहज मिळावी, उपद्रव नसावा; अशा ठिकाणी एकांतात लहानशी मठी असावी. तिचे दार लहान, भिंतींना भोके-बिळे नाहीत, जमीन फार उंच नाही फार सखल नाही, शेणाने नीट सारवलेली, किडा-मुंगी नसलेली. बाहेर मांडव, ओटा आणि विहीर. हे वाचताना मला आपली जुनी घरेच आठवली. फरशी बसविण्याच्या आधी आपल्या आयांनी दर आठवड्याला जी जमीन सारवली, ती योग्याच्या मठीपेक्षा काही निराळी नव्हती. फक्त तिच्यावर बसून डोळे मिटायला त्यांना कधी सवड मिळाली नाही.

मग येते खाण्याची गोष्ट. पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून, गोड आणि स्निग्ध अन्न संतोषाने खावे, हा मिताहार. गहू, तांदूळ, जव, साठी भात, दूध, तूप, खडीसाखर, लोणी, मध, सुंठ, पडवळ, मूग हे पथ्याचे. आपल्या भागाला भाताची ददात नाही, तेव्हा इथवर सगळे ठीक चालले होते. पुढे वर्ज्य पदार्थांची यादी लागली. तिखट, आंबट, खारट. तेल, तीळ, मोहरी. मासे-मटण आणि दारू. दही, ताक, हुलगे, हिंग, लसूण. शिळे अन्न पुन्हा तापविलेले. आता मावळातल्या घरातून हुलग्याचे माडगे, ताक, लसूण नि तिखट काढून टाकले तर चुलीवर उरणार काय? ही यादी भिक्षेवर राहणाऱ्या, दिवसातले कित्येक तास श्वास कोंडून बसणाऱ्या साधकासाठी आहे, आठवड्यातून तीन दिवस तासभर आसने करणाऱ्या गृहिणीसाठी नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे भिण्याचे कारण राहत नाही. चौथा भाग रिकामा ठेवण्याची गोष्ट मात्र सर्वांना सारखीच उपयोगी आहे.

आणि मग येते ते वचन, ज्याचा धाक आजींच्या मनात कोठून तरी उतरला असावा. आरंभीच्या काळात साधकाने अग्नीची सोबत, स्त्रीची सोबत आणि प्रवास टाळावा. पहाटेचे स्नान आणि उपासही टाळावेत, असे त्या पोथीत आहे. म्हणजे स्त्रीची गणना शेकोटी आणि पायपीट ह्यांच्या पंक्तीत झाली! पोथी कोणासाठी लिहिली गेली हे ह्या एका वचनावरून कळते. लिहिणारा पुरुष, ऐकणारे पुरुष, आणि तेही घर सोडलेले. बाईने योग करू नये असे ह्यात कोठेही म्हटलेले नाही. बाई समोर बसून ऐकत असेल हे लिहिणाऱ्याच्या मनातच नव्हते. ह्या दोहोंत पुष्कळ अंतर आहे, आणि आजींना मी तेच सांगितले. त्याच पोथीत पुढे असेही आहे की तरुण असो, म्हातारा असो, अगदी जराजर्जर असो, रोगी असो वा दुबळा असो, आळस टाकून अभ्यास करील त्याला योग साधेल. अग्नी टाळण्याविषयी म्हणाल तर चूल टाळता आली असती तर आपल्यापैकी निम्म्याजणी योगिनीच झाल्या असत्या.

पतंजलीचे योगसूत्र हठप्रदीपिकेहून पुष्कळ जुने. त्यात दोनशेच्या आत सूत्रे, आणि त्यांपैकी आसनांवर अवघी तीन. बसणे स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढीच त्यात अपेक्षा. अंगाच्या घड्या घालण्याची तेथे वार्ताही नाही. आसनाच्या आधी यम आणि नियम : कोणाला दुखवू नये, खरे बोलावे, चोरी करू नये, स्वच्छ राहावे, समाधानी असावे. पहिल्या वर्गाची खरी पूर्वतयारी पतंजलीच्या मते हीच. ज्या बाईची मांडी बसत नाही तिने ही तयारी करण्यास कोणाची हरकत नसावी.

आपल्या मराठीतही हा विषय नवा नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय योगाभ्यासाचाच आहे. साधकाने कोठे बसावे ह्याचे माउलींनी केलेले वर्णन असे आहे की, सुखविलासात रमलेल्या माणसालाही ते ठिकाण पाहून राज्य टाकून तेथेच निवांत बसावेसे वाटावे. खाली दर्भ, वर मृगाजिन, त्यावर धुतलेल्या वस्त्राची घडी अशी बैठक गीतेत सांगितली आहे, ती माउलींनी मराठीत आणली. माउलींची धाकटी बहीण मुक्ताबाई. चौदाशे वर्षे जगलेला म्हणून सांगतात तो योगी चांगदेव तिला गुरू मानीत असे, अशी परंपरा आहे. बाईला योग चालतो का, ह्या प्रश्नाचे उत्तर वारकऱ्याच्या घरात तरी शोधावे लागू नये.

तथापि मठीतला योग गावातल्या खोलीत आला तो विसाव्या शतकात, आणि त्यातला मोठा भाग आपल्या मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात घडला, ह्याची जाणीव आपणांस फारशी नसते. नर्मदेकाठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे वृद्ध योगी राहत. त्यांच्या दोन शिष्यांनी हे काम केले. पहिले मणिभाई देसाई, पुढे श्रीयोगेंद्र म्हणून प्रसिद्ध झालेले. त्यांनी 25 डिसेंबर 1918 रोजी मुंबईजवळ वर्सोवा येथे समुद्रकिनारी योग इन्स्टिट्यूट स्थापन केली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे एकवीस. ही संस्था पुढे सांताक्रूझला आली. संन्यास न घेता, घरसंसार करणाऱ्याला रोज थोडा वेळ काढून करता येईल असा योग त्यांनी बसविला. कठीण आसने सोपी केली, वेळ आखून दिली, आणि स्वतः 1927 साली लग्न करून संसारात पडले.

त्यांच्या पत्नी सीतादेवी. ह्यांचे नाव आपल्या मंडळात एकीलाही ठाऊक नसावे, आणि हे मला फार लागते. 1912 साली जन्मलेल्या ह्या बाईंनी 1934 साली, म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षाच्या सुमारास, स्त्रियांसाठी योगाच्या शारीरिक शिक्षणाचे एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. बाईने बाईसाठी लिहिलेले योगाचे पुस्तक म्हणून ते अगदी पहिल्या काही पुस्तकांत गणले जाते. काळ आठवून पाहा. आपल्या गावांत तेव्हा मुलीला शाळेत घालायलाच घरातली माणसे नाखूष असत, आणि ही मुंबईतली तरुण गृहिणी बाळंतपणाची, पाळीची, घरकामाची बाजू धरून आसनांचा विचार मांडीत होती. पाच-सहाशे वर्षांपूर्वीच्या पोथीने जिला टाळायला सांगितले, तिनेच पोथीच्या पुढचे पान लिहिले. सीतादेवी 2008 पर्यंत होत्या. त्यांनी आयुष्यभर हेच काम केले.

माधवदासांचे दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म 1883. बडोद्याला राजरत्न माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले, पुढे खानदेशात अमळनेरला शिक्षणकार्य केलेले. त्यांनी 1924 साली आपल्याच जिल्ह्यात, लोणावळ्याला, कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढले. त्यांचा बाणा असा की, गुरूने सांगितले म्हणून खरे, असे नाही, मोजून पाहू. उड्डियान आणि नौली ह्या पोटाच्या क्रियांत आत दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्र लावून मोजले, क्ष-किरणांची चित्रे घेतली. प्राणायामाने फार मोठा प्राणवायू मिळतो म्हणून तो उपयोगी, हा लोकप्रिय समज त्यांनी मान्य केला नाही. त्याचा उपयोग अन्य कारणांनी आहे असे त्यांचे मत पडले. आज दूरचित्रवाणीवर कोणीही उठून अमुक आसनाने तमुक रोग हमखास जातो असे सांगतो, तेव्हा मला ह्या लोणावळ्याच्या स्वामींची आठवण होते. 1966 साली ते निवर्तले, पण संस्था आजही चालू आहे. आपल्याकडून एसटीने पुणे आणि पुण्याहून लोकलने लोणावळा, असे एका दिवसात जाऊन येता येईल; मंडळाच्या सहलीसाठी हे ठिकाण मी ह्या लेखातूनच सुचवून ठेवते.

आपल्या भोरचे पंतसचिव आणि औंधचे पंतप्रतिनिधी ही दोन्ही घराणी छत्रपती राजाराम महाराजांच्या काळापासून पुढे आलेली. औंधचे राजे भवानराव ह्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यासच घेतला होता. स्वतः रोज घालीत, राणीसाहेब घालीत, संस्थानातल्या शाळांतून मुलामुलींना घालायला लावीत. 1928 साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. 1938 साली विलायतेतल्या एका पत्रकार बाईने संपादून काढलेले त्यांचे दुसरे पुस्तक तिकडेही पुष्कळ वाचले गेले. खरे पाहता हठयोगाच्या जुन्या पोथ्यांत सूर्यनमस्कार सापडत नाहीत. आपल्याकडे तो आखाड्यातला आणि उपासनेतला प्रकार होता. त्यामुळे योगाच्या काही आचार्यांनी तो योगात धरावयास नकार दिला. मला विचाराल तर बाईच्या दृष्टीने भवानरावांचा मुद्दा बिनतोड होता. जागा लागते साडेतीन हात, खर्च शून्य, साहित्य नाही, आणि माजघराचे दार लावले की कोणी पाहत नाही. आपल्या वर्गात सूर्यनमस्कार असणार आहेत. पण पहिल्याच दिवशी बारा घालण्याची कोणी पैज लावू नये. नमस्कार थोड्यांपासून सुरू करून हळूहळू वाढवावेत, ही आखाड्यातली जुनी रीत आहे.

आता पुण्याकडे वळते. 1937 साली म्हैसूरहून एक अठरा वर्षांचा, देहाने काडीसारखा मुलगा डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला आला. नाव बेल्लूर कृष्णम्माचार सुंदरराज अय्यंगार. जन्म 1918 च्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीतला. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय सगळे भोगलेला. त्याला मराठी येत नव्हते, इंग्रजी जेमतेम. बोलावणे होते सहा महिन्यांचे. तो पुढे सगळे आयुष्य पुण्याचाच झाला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट त्याच्या आधीच्या वर्षाची आहे. 1936 साली त्याचे गुरू कृष्णम्माचार्य शिष्यांना घेऊन कर्नाटकाच्या उत्तर भागात प्रयोग दाखवीत हिंडत होते. तेथे काही स्त्रियांनी आम्हांलाही शिकवा अशी मागणी केली. मोठ्या शिष्यांनी बायकांना शिकवावे हे बरे दिसेना; तेव्हा सर्वांत लहान म्हणून ह्या मुलाला त्यांच्यापुढे उभे करण्यात आले. पुढे जगभर ज्याचे नाव झाले, त्या शिक्षकाचे पहिले विद्यार्थी धारवाडकडच्या बायका होत्या! ह्या बायकांची नावे इतिहासाने ठेवली नाहीत. त्यांनी मागणी केली नसती तर पुढचे काय झाले असते कोण जाणे.

अय्यंगारांनी नवख्यासाठी जे केले ते फार मोलाचे आहे. ज्याचे अंग वळत नाही त्याला हाकलून द्यायचे नाही. अंग आणि जमीन ह्यांतले अंतर कशाने तरी भरून काढायचे. रस्त्याकडेचे दगड आणि विटा, दोर, पट्टा, खुर्ची, घोंगडीची घडी, जे हाताला येईल ते त्यांनी आसनाच्या मदतीला घेतले. खाली वाकून हात भुईला टेकत नाही? मग विटेवर टेका. मांडी बसत नाही? ढुंगणाखाली घडी घ्या, तरीही गुडघा दुखला तर खुर्चीवर बसा. ज्या भगिनींनी गुडघ्यांपायी नावे मागे घेतली त्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. विटांची आपल्या गावात वाण नाही.

त्यांची कन्या गीताताई. 1944 चा जन्म. लहानपणी त्यांना मूत्रपिंडाचा जबर आजार झाला होता. त्यातून उठल्या त्या योगाच्या वाटेला लागूनच. मॉडेल कॉलनीत 1975 साली सुरू झालेल्या संस्थेला त्यांच्या आईचे, रमामणींचे, नाव आहे. रमामणी 1973 साली गेल्या. गीताताईंनी स्त्रियांचे वर्ग घेतले आणि 1983 साली स्त्रियांसाठी योगाचे मोठे पुस्तक इंग्रजीत लिहिले. मुलीचे वयात येणे, पाळी, गरोदरपण, बाळंतपण, पाळी जाणे, ह्या प्रत्येक अवस्थेत काय करावे आणि काय करू नये ह्याचा क्रम त्यांनी लावून दिला. वडील 2014 साली गेले, गीताताई 2018 साली. सीतादेवींपासून गीताताईंपर्यंत ही एक सलग साखळी आहे, आणि तिची सुरुवातीची नि शेवटची कडी दोन्ही स्त्रियांच्याच हातच्या आहेत.

आता इतिहास बाजूला ठेवून नळावरच्या शंकांकडे येते.

राबणाऱ्या बाईला व्यायाम कशाला, ही शंका आळशीपणाची नाही. ती थकलेल्या माणसाची आहे. पण काम आणि आसन ह्यांत भेद आहे. भातलावणीच्या दिवसांत आपण कमरेतून पुढे वाकतो ते आठ-आठ तास पुढेच वाकलेल्या असतो. भांडी, धुणे, केर, खुरपणी, भाकरी थापणे, सगळे पुढे झुकून. मागे वळण्याचे, छाती उघडण्याचे, बाजूला कलण्याचे एकही काम संसाराने आपल्याला दिलेले नाही. डोक्यावरची घागर तेवढी पाठ ताठ ठेवीत असे. नळ आला आणि तीही गेली. घागर गेली ह्याचे दुःख कोणी करू नये, पण पाठीला तिचा मोबदला मिळायला हवा. काम करताना लक्ष कामावर असते, अंगावर नसते. दम लागला तरी थांबता येत नाही. आसनात दम लागला की थांबायचे असते. माझ्या मते थकलेल्या बाईला वर्गातून पहिली गोष्ट मिळायची ती हीच : दिवसातली दहा मिनिटे शवासनात पाठीवर पडून राहण्याची परवानगी, आणि त्या वेळी कोणी हाक मारणार नाही ह्याची हमी. ही हमी घरच्यांकडून आधी मिळवून ठेवणे हा पूर्वतयारीचाच भाग समजावा.

नेसण्याविषयी. ज्या आजी अजून नऊवारी नेसतात त्यांना काहीच बदलावे लागणार नाही. काष्टा हा व्यायामाचाच पोशाख आहे. अडचण सहावारीची. पाय फाकवून उभे राहायचे तर निऱ्या आड येतात. तेव्हा सलवार-कुडता किंवा सैल सुती पायजमा नि वर अंगभर झगा चालेल. पुण्याच्या वर्गांतून बायका गुडघ्याच्या वर संपणाऱ्या फुगीर चड्ड्या घालीत, कारण शिक्षकाला गुडघा दिसला पाहिजे. तेवढे आपणांकडून होणार नाही, आणि वर्ग घेणाऱ्या बाईंनी ते मागितलेलेही नाही. हातांतल्या बांगड्या शक्यतो कमी असाव्यात, जोडवी सैल असली तर काढून ठेवावीत, मंगळसूत्र लांब असेल तर आत खोचावे. वेणी घट्ट, पण अंबाडा नको. पाठीवर पडताना तो मानेला टोचतो. पाय उघडे. रंगीत रबरी चटई दुकानात मिळते; ती गेल्या काही दशकांत विलायतेकडून आली. तिच्यावाचून शेकडो वर्षे योग चालला. उभ्या आसनांसाठी नुसती स्वच्छ फरशी उत्तम, कारण सतरंजीवर पाय घसरतो. बसण्या-निजण्यासाठी घरची घोंगडी किंवा सतरंजी आणावी. सोबत एक चादर आणि एक जुना सुती पंचा.

खाण्याविषयी एवढेच की जेवणानंतर चार तास आणि चहा-बिस्किटानंतर तासभर तरी जाऊ द्यावा. अगदी उपाशीही येऊ नये. चतुर्थी-एकादशी कडक करणाऱ्यांनी त्या दिवशी नुसती निजण्या-बसण्याची आसने करावीत. उपास टाळा असे पोथीतच आहे, तेव्हा तिचा आधार ह्या कामी जरूर घ्या.

पाळीच्या दिवसांत यायचे. अवश्य यायचे. त्या दिवसांत पाय वर करून मान-खांद्यांवर उभे राहण्याची आसने, पोट आत ओढण्याच्या क्रिया आणि दमविणारे प्रकार करायचे नाहीत. भिंतीला टेकून, उशाला घडी घेऊन विसाव्याची आसने करायची. हे बाईंच्या कानात सांगितले की पुरे. शाळेची खोली आहे, देवघर नाही. बाहेर बसण्याचा प्रश्न येत नाही. गरोदर असल्यास, नुकतेच बाळंतपण किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असल्यास, रक्तदाब, हृदयाचा विकार, डोळ्यांतला काचबिंदू किंवा मणक्याचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांस विचारावे आणि बाईंना सांगावे. माझ्या ओळखीच्या एका वहिनींनी दूरचित्रवाणीवर पाहून घरीच पहिल्या दिवशी सर्वांगासन केले आणि दोन महिने मानेला पट्टा लावून हिंडल्या. अशी आसने जुन्या शिक्षकांनी नेहमी पायरीपायरीने दिली. अय्यंगारांच्या पद्धतीत नवख्याला आधी नीट उभे राहायलाच शिकवितात, आणि प्राणायाम तर आसने स्थिर झाल्यानंतरच.

राहिली मुहूर्ताची गोष्ट. वर्ग 21 जूनला का सुरू करीत नाही, असे मला तरुण सुनांनी विचारले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 11 डिसेंबर 2014 रोजी ठराव करून तो दिवस आंतरराष्ट्रीय योग दिन ठरविला आणि 2015 पासून तो सगळ्या जगात पाळला जातो. आपल्या शाळेतली मुलेही त्या दिवशी आसने करतात, हे उत्तमच आहे. पण आपल्याकडे त्या दिवशी मृग सरून आर्द्रा लागते, भाताची रोपे वर आलेली असतात आणि लावणी तोंडावर असते. त्या दिवशी नाव घातलेली बाई लावणीत आठ दिवसांत गळणार. घेरंडसंहिता नावाची दुसरी एक जुनी पोथी आहे. तिच्यात सांगितले आहे की योगाला आरंभ वसंतात किंवा शरदात करावा. ग्रीष्म, वर्षा, हेमंत, शिशिर ह्या ऋतूंत करू नये. शरदात आपली भातकापणी असते. तेव्हा उरला वसंत. पोथी आणि शेत ह्या दोघांचे एकमत झालेला असा चैत्राचाच महिना सापडला, म्हणून पाडव्यानंतरचा दिवस धरला आहे. लावणीपर्यंत तीन महिने मिळतात. तेवढ्यात सवय लागली तर पावसातला खंड पचेल.

वेळेचे मात्र अजून ठरावयाचे आहे. पहाटेची वेळ सर्व आचार्यांनी गौरविलेली आहे, पण त्यांच्या दारात म्हशी नव्हत्या. सकाळी धारा, दूध घालणे, मुलांचे डबे आणि शिरवळच्या कारखान्यांत नि पुण्याला जाणाऱ्यांच्या गाड्या, ह्यांत सकाळचे नऊ वाजेपर्यंत कोणाचेच पाय मोकळे नसतात. नऊनंतर शाळा भरलेली असते. दुपारी चारला खोली मिळू शकते असे मुख्याध्यापिका म्हणाल्या आहेत, पण चारला येणे म्हणजे जेवण बाराच्या आत उरकणे आले. शनिवार-रविवार सकाळ आणि बुधवारी दुपार, असा एक तोडगा पुढे आला आहे. ज्या भगिनींना ह्याहून सोयीची वेळ सुचत असेल त्यांनी होळीच्या आत कार्यकारिणीपैकी कोणासही सांगावे, आणि विटा ज्यांच्या घरी बांधकामातून उरल्या आहेत त्यांनी दोन-दोन धुऊन वाळवून ठेवाव्यात.